पहिलं झाड कुठलं मेलं?

१४ जून

खडू,

तुला खडूच म्हणणार. लहानपणी शाळेतले खडू खाऊन घरी यायचीस आणि पांढऱ्या ओठांनी "मी नाही खाल्ला" म्हणायचीस, तेव्हापासूनचं नाव आहे. आता चष्म्याच्या दुकानात मॅडम झाली असशील, तर ती तिथे. इथे खडू.

कामाचं लिहिते. तुझे रबरी बूट मागच्या दाराशी पडले आहेत. दोन वर्षं झाली. डाव्यात कोळ्यानं संसार मांडलाय. पाठवू की फेकू, ते कळव. जागा अडते.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते. तुझा बाप बरा आहे. बोलत नाही, खोकतो. एकदा खोकला तर हो, दोनदा खोकला तर नाही, आणि उठून बाहेर गेला तर माझं चुकलं असं समजायचं. अलीकडे फार बाहेर जातो.

मिरची यंदा सगळ्या रानात लावली. तुझा वरचा तुकडा गेल्या वर्षी पडीक ठेवला होता, यंदा तिथेही लावली. तुझ्या नळ्या केव्हाच फेकल्या. आमचा आपला पाट आणि सऱ्या. पाणी वरच्या तुकड्यात सोडायचं, तिथून सरीसरीनं खाली येतं. पाणी कसं दिसलं पाहिजे. नळीतून थेंब थेंब गळतं त्याला मी पाणी म्हणत नाही, सर्दी म्हणते.

थोडी झाडं माना टाकतायत. पावसाचा पत्ता नाही. ऊन आहे, दुसरं काही नाही.

तुझा बाप परवा चक्क एक अख्खं वाक्य बोलला. म्हणाला, कॉलेजवाले तुझी जागा ऑगस्टअखेरपर्यंत राखून ठेवणार आहेत, पण तू त्यांना नाही कळवणार आहेस. जिला स्वतःची दोनशे झाडं जगवता आली नाहीत तिनं मातीचं शिकून लोकांना काय सांगायचं, असं म्हणालीस म्हणे. मला काय. तुझं आयुष्य आहे, चष्मे विक. लोकांना दिसायला लागेल, तेही कामच आहे.

बुटांचं कळव.

आजी


२७ जून

खडू,

उत्तर नाही. ठीक आहे. हे पत्र बुटांसाठी नाही.

ऊन नाहीये ते.

सकाळी झाड हिरवंगार असतं. दुपारी पानं लोंबतात. संध्याकाळी जरा सावरतं, मला वाटतं वाचलं. तिसऱ्या दिवशी वाळून उभं. उपटलं तर जमिनीलगतचं खोड काळपट, ओलं. मुळं तपकिरी. बोटात धरून ओढलं की मुळाची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी काडी उरते. तुझी गेली होती, तशीच. हुबेहूब.

माना टाकल्या म्हणून मी पाणी वाढवलं. तहानलेलं दिसतंय तर पाजायचं नाही तर काय करायचं? एक दिवसाआड द्यायचे ते रोज द्यायला लागले. जितकं पाजते तितकी जास्त मरतायत.

खालच्या रानातला टोपीवाला येऊन बांधावर उभा राहिला. टोपी काढली. मी म्हटलं, "टोपी घाल, अजून कोणी मेलं नाही." तो म्हणाला, "माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं ना, काकू. तुम्हीच उपटायला आला होता." मी म्हटलं, "तुझी टोपी मळलीये, धू."

निम्म्याहून जास्त गेली. तुला माहीत आहे, हे बी मी विकत घेतलेलं नाही. सासूनं दिलेलं, तिच्या आईनं तिला दिलेलं. लांबट, खांद्याशी जरा मुरडलेली, ऑगस्टच्या शेवटी पार लाल होणारी ही मिरची दुसऱ्या कोणाकडे नाही. दर वर्षी चांगल्या झाडाचं बी धरते आणि जुनं टाकून देते, कारण जुनं उगवत नाही. म्हणजे यंदा झाड नाही तर बी नाही.

तू शिकलेली आहेस. अर्धवट का होईना. काय करायचं असतं, ते लिही.

माफी वगैरे काही मागत नाहीये. विचारतेय.

आजी


५ जुलै

खडू,

तुझं कार्ड आलं. टपालवाला अंगणातूनच ओरडला, "आजी, एकच ओळ आहे!" मी म्हटलं, "तुझ्यापुरती तेवढी पुरे."

दोन वर्षांनी लिहिलंस, आणि काय, तर "पहिलं झाड कुठलं मेलं?" आजी कशी आहेस नाही, गुडघा नाही, खाली नाव नाही. वाचून मला बरं वाटलं. प्रश्न असा असावा.

आता उत्तर देते. पण मला वाटलं होतं आठवेल, तर आठवेना. शेतात सगळं एकदम मेल्यासारखं दिसतं. मग मी स्वयंपाकघरातलं मोठं टेबल रिकामं केलं आणि त्यावर रान मांडलं. सऱ्यांच्या जागी सुतळी. जिवंत झाडाला वाटाणा, मेलेल्याला आगपेटीची काडी. तुझा बाप खुर्ची ओढून बसला. मी एक काडी ठेवली की तो खोकायचा, उचलून दुसरीकडे ठेवायचा आणि म्हणायचा, "हे नंतरचं." एवढं त्याला माहीत होतं आणि इतके दिवस गिळून बसला होता! तो रोज सकाळी फिरून बघत होता म्हणे. मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तू विचारलं कुठे, आई."

यंदाचं पहिलं झाड सहाव्या सरीतलं, अगदी वरचं. मग त्याच्या खालचं. मग त्याच्या खालचं. काड्या पाण्याबरोबर चालल्यासारख्या वरून खाली. सहावी सरी जिथे वळते तिथे काड्या वळल्या. सातवीत पाणी उशिरा पोचतं, तिथे उशिरा. तळाशी पाणी तुंबून राहतं, तिथे एकही वाटाणा नाही.

आणि एका कोपऱ्यात नुसते वाटाणे. वरचा उंचवटा, आठवतो? जिथे पाणी चढत नाही म्हणून मी आयुष्यभर शिव्या घातल्या तो. तिथे सदतीस झाडं आहेत, सगळी जिवंत. मेलेल्या झाडांपासून दोन हातांवर. माती तीच, बी तेच, ऊन तेच. मी बापाकडे बघितलं. तो म्हणाला, "तिथे पाटाचं पाणी कधी गेलंच नाही. मी घरातल्या नळाचं घालतो. झारीनं. बुडाशी थोडंथोडं."

म्हणजे उन्हानं मेली नाहीत, वाऱ्यानं नाही. पाण्यानं मेली. जे मी पाजलं त्यानं.

मग म्हटलं, तुझ्या वर्षीचंही मांडू. नवीन काड्या काढल्या. त्या वर्षी खालच्या अर्ध्यात माझी मिरची, तिला पाटाचं पाणी. वरच्या अर्ध्यात तुझी दोनशे बारा, नळ्यांवर, पायरीजवळच्या पिंपातून. माझी जगली, तुझी मेली. पहिलं झाड

इथे थांबते. डोळे दुखतायत.

आजी


६ जुलै

कालचं पत्र टपालात टाकलं नाही. डोळे दुखत नव्हते. त्याच पाकिटात हेही घालते.

तुझ्या वर्षीचं पहिलं झाड पिंपाच्या लगतचं. पहिल्या नळीच्या पहिल्या भोकाचं. हे मला काल टेबलाशी आठवलं नाही. मला ते कायम माहीत होतं. ते झाड कधी मेलं तेही माहीत आहे, टोपीवाल्याकडून मी आले त्यानंतर बारा दिवसांनी.

आता ऐक, आणि मध्येच पत्र टाकून उठू नकोस.

टोपीवाल्याची मिरची वाळली तेव्हा मी दिवसभर त्याची मेलेली झाडं उपटत होते. चिखल गुडघ्यापर्यंत. घरी आले. माझा नियम तुला माहीत आहे, चिखल घेऊन घरात पाय नाही. तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून तुझ्या मागे लागून पाय धुवायला लावलेत. मी पायरीवर बसले, बूट काढले, पिंपात बुडवून खळखळ धुतले. फावडं धुतलं. खुरपं धुतलं. हात धुतले. चकचकीत होऊन घरात गेले.

त्या पिंपातून दुसऱ्या दिवशी तुझ्या दोनशे बारा झाडांना पाणी गेलं. थेंब थेंब, एकेकाच्या बुडाशी, एकालाही न चुकवता. तुझ्या नळ्या चांगलंच काम करत होत्या. टोपीवाल्याच्या चिखलातला रोग मी पिंपात घातला, तो त्यांनी इमानानं पोचवला.

आणि तू मला सांगितलं होतंस. हे मी दोन वर्षं कोणाला बोलले नाही. तू दारात उभी होतीस, हातात ताट होतं. म्हणालीस, "आजी, त्यात फावडं बुडवू नकोस, मी त्यातून पाणी देतेय." मी म्हटलं, "मग काय चाटून साफ करू?" तू हसलीस. तुलाही तेव्हा कुठे ठाऊक होतं. दोघींनाही वाटलं, गाळ जाईल नळीत, बाकी काय.

मग झाडं मेली, आणि मी सगळ्यांच्या देखत म्हटलं की तुझ्या नळ्यांनी मारली. पुस्तकी शहाणपणानं मारली. पाटाच्या पाण्यावर माझी बघा कशी उभी आहेत. टोपीवाला होता, त्याची बायको होती, टपालवाला होता. तुझा बाप उठून बाहेर गेला. तेव्हाच समजायला हवं होतं.

माझी जगली कारण त्या वर्षी पिंपाचं पाणी माझ्या सऱ्यांत येत नव्हतं. एवढंच. पाटाचा काही गुण नाही. उलट तुझी मेलेली झाडं मी उपटून वरच्या पाटाच्या कडेला रचली. गेल्या वर्षी तो पाट बंद होता, पाणी परस्पर खाली यायचं. आणि यंदा त्याच तुकड्यातून, त्याच पाटानं पाणी खाली सोडलं. तुझ्याकडे नळीनं एकेका झाडाला दिलं होतं, माझ्याकडे पाटानं सगळ्या रानाला वाटलं.

तर हे असं आहे. तू मारली नाहीस. मी मारली. तुझीही आणि माझीही.

मी रडले वगैरे नाही. तुझ्या बापानं चहा केला, फार गोड केला, तरी प्यायले.

कॉलेजला काय कळवायचं ते तू ठरव. पण जे कळवशील ते हे वाचून कळव. "दोनशे झाडं जगवता आली नाहीत" असं लिहिणार असशील, तर ते वाक्य माझं आहे, मला दे.

नळ्या फेकलेल्या नाहीत. माळ्यावर आहेत, पोत्यात. तुझ्या बापानं गुंडाळून ठेवल्यात. मी पाहिलं होतं आणि गप्प बसले होते.

आजी


२९ जुलै

खडू,

तीन आठवडे झाले. टपालवाला आता अंगणात शिरायच्या आधीच मान हलवतो. मी त्याला म्हटलं, "मान मोडेल, तोंडानं सांग."

तू लिहू नकोस हवं तर. मी काय केलं ते कळवते, चुकत असेल तर कोणालातरी कळलेलं बरं.

पाटाचं पाणी बंद केलं, पाऊस तर यंदा नावालाच आहे. तिसऱ्या दिवशी सवयीनं फावडं घेऊन निघाले. तुझा बाप दारात आडवा उभा राहिला. दोनदा खोकला. परत आले.

मेलेली झाडं सगळी उपटली, मुळासकट. पाटाच्या कडेला एकही टाकलं नाही. वाळवून जाळली, वाऱ्याची दिशा बघून, उंचवट्यापासून लांब. टोपीवाला मदतीला आला. मी त्याला बांधावरच थांबवलं, म्हटलं, "बूट दाखव." तो म्हणाला, "काकू, मी काय लग्नाला आलोय का?" मी म्हटलं, "लग्नाला आला असतास तर मळके चालले असते." त्याला बादलीत धुवायला लावले, ब्रशनं, तळव्याच्या खाचासुद्धा. ते पाणी रस्त्याच्या पलीकडे खडीवर ओतलं. जाताना पुन्हा धुवायला लावले. आता तो बायकोला सांगतो की म्हातारी बिघडली. सांगू दे. त्याच्या पायरीशीही बादली आलीये, मी बघितली.

पिंप रिकामं केलं, घासलं, तीन दिवस उन्हात पालथं ठेवलं. वर झाकण बसवलं आणि झाकणावर रंगानं लिहिलं, "यात काही धुवू नये." अक्षर वाकडं आलंय. वाचता येतं.

उंचवट्यावर फक्त मी जाते किंवा तुझा बाप. वेगळे बूट, वेगळं खुरपं, ते खाली आणायचं नाही. पाणी झारीनं, सकाळी, बोट खुपसून माती बघून. बोटाला ओल लागली तर नाही घालायचं. मला वाटायचं पाणी देणं म्हणजे माया. आता रोज सकाळी मातीत बोट घालते आणि परत काढते, आणि काही न करता घरी येते. या वयात हे शिकणं सोपं नाही, सांगून ठेवते.

सदतीसची पस्तीस झाली. दोन कडेची गेली, मेलेल्यांच्या सगळ्यात जवळची. उरलेल्यांना फळं धरलीत, अजून हिरवी आहेत.

उत्तर नको. वाचलंस एवढं कळलं तरी पुरे, आणि ते कळायचा काही मार्ग नाही, हेही मला समजतं.

आजी


२३ ऑगस्ट

खडू,

तुझं पत्र आलं. चार पानं. टपालवाल्यानं पाकीट हातात तोललं आणि एक अक्षर न बोलता गेला. त्याच्या जन्मात पहिल्यांदा.

क्रमानं उत्तर देते.

तू लिहिलंस की तुला राग आलाय आणि तो इतक्यात जाणार नाही. बरोबर आहे. माझाही गेला नसता. तो घेऊनच ये, घरात जागा आहे.

तू लिहिलंस की ज्या दिवशी माझं पत्र मिळालं त्या दिवशी तू तीन गिऱ्हाइकांना चुकीचे चष्मे दिलेस. ते त्यांना बदलून दे, बिचारे कुठेतरी धडकतील.

तू लिहिलंस की तुझीही चूक होती, पिंपाला झाकण तेव्हाच लावायला हवं होतं, पाणी तपासायला हवं होतं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. असेल. पण त्यातली मोठी वाटणी माझ्याकडे राहू दे. मला सवय झालीये आता.

तुझी यादी तुझ्या बापानं भिंतीवर लावली. खाली तीन वर्षं मिरची नाही, टोमॅटो नाही, वांगी नाहीत, कांदा चालेल. मिरची उंचवट्यावर आणि त्याच्या शेजारच्या पट्ट्यात, उंच गादीवाफ्यांवर. नळ्या जुन्या असल्या तरी धुवून घ्यायच्या. पाणी थेट विहिरीतून, पिंपातून नाही. पाणी झाडाच्या बुडाला टेकून नाही, जरा बाजूला, आणि मध्ये माती सुकू द्यायची. तुझ्या यादीत सातव्या नंबरला "आजीला पाण्याजवळ एकटं सोडू नये" असं आहे. तुझा बाप ते वाचून हसला. आवाज करून हसला, खडू. मी वळून बघितलं, मला वाटलं कोणी पाहुणा आलाय.

एका गोष्टीवर मी भांडणार. तू म्हणतेस, बी धरताना पहिली लाल झालेली मिरची घ्या. मी कधीही पहिली घेतलेली नाही, मी मधली घेते, झाडाच्या पोटातली. सासूही तेच करायची. हे तुझ्या कॉलेजात विचार आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते मला लिही. त्यांचं बरोबर निघालं तर ऐकेन. निघणार नाही.

हो, ते सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. तू कॉलेजला हो कळवलंस, ते वाचलं. चांगलं केलंस. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही, लिहिलं तर काहीतरी वेडंवाकडं लिहीन.

पस्तीस झाडं आहेत. काल पहिल्यांदा एका मिरचीचा खांदा लाल झाला, मुरडलाय तिथूनच सुरू झाला. बी होईल. अर्धं तुझ्या नावानं वेगळ्या बरणीत ठेवते, कारण एकाच घरात सगळं ठेवायचं नाही हे मी यंदा शिकले.

शनिवारी येतेस ना, तर दुपारच्या आत ये. नळ्या अंथरायच्या आहेत, आणि तुझ्या बापाला नुसतं खोकून सरळ रेष काढता येत नाही. मी पायरीवर बसून फक्त बघेन. सातव्या नंबरला धरून.

बूट पाठवत नाही. इथेच लागतील. कोळ्याला बाहेर काढलं, आणि धुतलेत.

बादलीत.

आजी